‘आकडे खोटं बोलत नाहीत’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांवरचा लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं असं : सरांचा एच-इंडेक्स (संशोधकाच्या पेपरांना, म्हणजे शोधनिबंधांना, इतरांनी किती संदर्भ दिले यावरून काढलेला आकडा) 4, त्याच कॉलेजातल्या जीवरसायनशास्त्राच्या मॅडमचा 19, मग मोठं कोण हे सांगायला लेख कशाला? आकडे खोटं बोलत नाहीत.

आकडे नसते तर कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या, फाइली नुसत्या ओळखीवर सरकल्या असत्या, हे तुमचं वाक्य सोळा आणे पटलं. पण 19 म्हणजे काय? 19 पेपर असे, की प्रत्येकाचा निदान 19 वेळा कुणीतरी संदर्भ दिलाय. आता त्या विषयात माणसं किती, पेपरखाली संदर्भ किती देतात, किती लवकर देतात, यावर सगळं आलं. होर्हे हिर्श यांनी 2005 साली हे माप सुचवलं, त्याच पेपरात भौतिकशास्त्रातला सर्वांत वरचा आकडा एडवर्ड विटन यांचा 110 आणि जीवशास्त्रातला सॉलोमन स्नायडर यांचा 191 दिलाय. विषयागणिक फरक पडतो हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. एकरी क्विंटल मोजून पऱ्हाटीची तुरीशी शर्यत कोणता कास्तकार लावतो?

शिवाय लेखक किती, तेही बघा. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या एका पेपरावर 5,154 नावं आहेत, आणि प्रत्येकाच्या खात्यात तो अख्खा पेपर जमा. (वाटणी नाही, बरं का!) सर मोडीची दफ्तरं एकटेच वाचतात आणि मराठीत लिहितात. संदर्भ मोजणाऱ्या स्कोपस या जागतिक सूचीत मराठी नियतकालिकं जवळपास नाहीतच. इंटरनेटवरून आपोआप संदर्भ मोजणाऱ्या गूगल स्कॉलरचं म्हणाल, तर शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला) एखादा जुना मराठी प्रबंध उघडा. कित्येक नुसते स्कॅन केलेले, कित्येक युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेले. त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की भलतीच चिन्हं उमटतात. अशा प्रबंधात सरांच्या पुस्तकाचा दहादा संदर्भ असला, तरी यंत्राला तो वाचताच येत नाही. सरांचा तो 4 चा आकडा मुख्यतः त्यांच्या दोन-चार इंग्रजी लेखांचा आहे.

मॅडमचं काम चांगलंच आहे, त्यांना त्यांच्या विषयातल्या, त्यांच्याइतकीच नोकरी झालेल्यांशी ताडून बघा. सरांचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. मालगुजारीवरचं प्रकरण वाचा आणि त्यात काही चुकीचं सापडलं तर सविस्तर लिहून पाठवा, जसंच्या तसं इथे टाकतो.