घेवड्याची झाडं दुप्पट केली म्हणून माल दुप्पट होत नाही

दाजींनी परवा रात्री फोन करून विचारलं, शेडनेटच्या, म्हणजे पिकावर घालायच्या सावलीच्या जाळीच्या मांडवाच्या, बुकिंगचे 50 हजार भरू का? ताईचं सोनं गहाण ठेवायचंही दोघांनी ठरवून टाकलं होतं. कारण काय, तर वाघ्या घेवड्याचा, म्हणजे आमच्याकडच्या पट्टेदार राजम्याचा, एक मेसेज. तोच मेसेज मला आठवड्यात तीन गटांवर आला:

"वाघ्या घेवडा शेडनेटमध्ये लावा. दोन ओळींतलं अंतर 30 वरून 15 सेंटीमीटर करा. झाडं दुप्पट, माल दुप्पट! 10 गुंठ्यांत 4 टन, भाव 125 रुपये किलो, चार महिन्यांत 5 लाख. द्विदल पीक, खताचा खर्च शून्य. जीआय मानांकन, त्यामुळे भाव पक्का."

आधी त्या 5 लाखांचं बघू, कारण सोनं त्यासाठीच निघालंय. यातले 4 टन आणि 125 रुपये हे एका मालाचे आकडेच नाहीत. 125 हा भाव वाळल्या दाण्याचा. आणि 10 गुंठ्यांत 4 टन म्हणजे हेक्टरी 40 टन. एवढा वाळका घेवडा जगात कुठे पिकत नाही. पाणी, खत, हवामान सगळं जुळून आलं तर दाणा हेक्टरी दीड-दोन टन मिळतो. म्हणजे 10 गुंठ्यांत फार तर दोन क्विंटल, 125 च्या भावाने 25 हजार रुपये. 5 लाख नव्हे, 25 हजार. बरं, ओल्या शेंगा विकू म्हणाल, तर सुधारित बुटक्या वाणाची चांगली जमली तरी हेक्टरी 20 टनांच्या आतबाहेर, म्हणजे इथे दोन टन. त्याला किलोला सरासरी 40 रुपये धरा, 80 हजार होतात. त्यातून दर तीन-चार दिवसांच्या तोडणीची मजुरी, गाडीभाडं, आडत, हमाली, तोलाई वजा करा. मेसेज लिहिणाऱ्याने वजन ओल्या शेंगेचं घेतलं, तेही दुप्पट करून, आणि भाव लावला वाळल्या दाण्याचा. ही चूक नजरचुकीने झाली असेल असं मला वाटत नाही, कारण खाली बुकिंगचा नंबर आहे.

आता खर्च. सरकारच्या फलोत्पादन अभियानात अनुदानासाठी पाइपच्या शेडनेटला कित्येक वर्षं 710 रुपये चौरस मीटर हा खर्चाचा मापदंड होता. त्याच दराने 10 गुंठ्यांना 7 लाखांवर जातात. 50 टक्के अनुदान मिळालं तरी साडेतीन लाख खिशातले. ते 80 हजारांच्या पट्टीतून कधी फिटायचे?

झाडं दुप्पट, माल दुप्पट. हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की माणूस फसतो. पण जमिनीवर पडणारं ऊन तेवढंच, ओल तेवढीच, नत्र तेवढंच. जपानमध्ये ओसाकाच्या किरा आणि शिनोझाकी या संशोधकांनी 1950 च्या दशकात सोयाबीनसारख्या पिकांवर हे मोजून दाखवलं. विरळ पीक दाट करत गेलं की एकूण वजन आधी वाढतं, मग एका मर्यादेला थांबतं. पुढे झाडं कितीही वाढवा, प्रत्येक झाड तेवढं बारीक होतं. आणि आपण पाल्याचं वजन विकत नाही, शेंग विकतो. दाटीत घेवडा उंच, लेचापेचा होतो, लोळतो, खालची फुलं सावलीत गळतात, म्हणून दाणा तर त्या मर्यादेनंतर उलट घटतो. 30 बाय 10 वर, म्हणजे दोन ओळींत 30 आणि दोन झाडांत 10 सेंटीमीटर ठेवून, एकरी 1 लाख 35 हजार झाडं बसतात, बी 45-50 किलो. 15 बाय 10 म्हणजे बियाण्याचा खर्चच दुप्पट. वर पानांत हवा खेळत नाही, दव सुकत नाही, आणि तांबेरा या बुरशीच्या रोगाला नेमकी हीच रात्रभर ओली राहिलेली पानं लागतात.

एक गोष्ट मान्य करतो. 45 सेंटीमीटरवर पाभरीने (पेरणीच्या अवजाराने) पेरणाऱ्याने उभट, बुटका वाण 30 वर आणला तर फायदा होऊ शकतो. जमीन लवकर झाकते, तण कमी. पेरणी उशिरा झाली तर झाडं लहान राहतात, तेव्हाही थोडी दाटी चालते. पण त्यावरून 15 वर उडी मारता येत नाही. आणि वेल घेवड्याला तारा-बांबूवर चढवायचं असेल तर अंतर उलट वाढवावं लागतं.

शेडनेटचंही तसंच. ऐन उन्हाळ्यात कोवळ्या रोपाला सावलीचा आधार होतो, हे खरं. पण दाजींचं रान फलटणकडे, गरम हवेत. घेवड्याला दिवसा 30 अंशांवर आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण नासतात, फूल गळतं. जाळीखाली झाडाला ऊन कमी लागतं, हवा मात्र फलटणचीच राहते. आमच्या कोरेगावच्या उत्तर भागात हे पीक खरिपात उघड्या रानावर येतं ते थंड हवेमुळे, पावसाच्या ओलीमुळे, निचऱ्याच्या जमिनीमुळे. जाळीमुळे नाही.

खत शून्य? घेवडा द्विदल असला तरी मुळांवरच्या गाठींत हरभऱ्याइतकं नत्र साठवत नाही. राजमाला हेक्टरी 90 ते 120 किलो नत्राची शिफारस उगाच नाही. खत तोडलं की पीक पिवळं पडणार.

आणि जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. 2016 साली मानांकन मिळालं ते कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला, त्या मुलखाला. फलटणच्या जाळीत पिकवलेल्या मालाला ते नाव लावताच येत नाही, भाव पक्का कुठून होणार?

दाजी, 50 हजार भरू नका, आणि ताईचं सोनं कपाटातच राहू दे. खात्रीच करायची असेल तर येत्या खरिपात उघड्या रानात एक गुंठा 30 बाय 10 वर टोका आणि शेजारचा एक गुंठा 15 बाय 10 वर. दोन्हींचा दाणा वेगळा झोडा, वेगळा मोजा. बी मी इथून पाठवतोय, एका पिशवीत सव्वा किलो, दुसरीत अडीच.