एक स्टार देणाऱ्या सरांना दुकानातर्फे उत्तर

सर, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. ऐन हिशेबाच्या दिवसांत कॉम्प्युटर अडकून पडला, तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल माफी असावी. पैशांबद्दल लिहिलंत त्यावर वाद घालत नाही. जुन्या डिस्कवरचा डेटा उतरवून बसवलेल्या एसएसडीची (नव्या वेगवान डिस्कची) किंमत आणि ८०० रुपये मजुरी दोन्ही तुम्हाला आधी सांगून पावतीवर घातलेली आहे. पण "तासाभराच्या कामाला आठ दिवस मुद्दाम रखडवलं" हे मात्र जिव्हारी लागलं.

तासाभराचं काम धडधाकट डिस्कचं असतं, सर. ५०० जीबीची चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तर दीड तासात कॉपी होते. तुमची डिस्क २०१२ची. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळं 'कॉशन' आलं होतं, पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे वाचायला अडणाऱ्या जागांचा, आकडा तुम्हाला स्क्रीनवर दाखवला होता. अशी जागा आली की डिस्क तिथेच पुन्हा पुन्हा झटत बसते. वेग सेकंदाला एक एमबीवर येतो, कधी त्याहून खाली. एक एमबीने ५०० जीबी म्हणजे जवळपास सहा दिवस, कॅल्क्युलेटरवर करून बघा. तुमची सगळी डिस्क तशी नव्हती हे खरं, पण टॅलीचा हिशेबाचा डेटा आणि फोटो नेमके खराब भागात होते.

अशा वेळी आम्ही लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून डेटा काढणारं सॉफ्टवेअर लावतो. ते आधी चांगला भाग उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी मागे येऊन त्या खरवडत बसतं. त्याला घाई करता येत नाही. लाईट गेली तर मॅपफाइलमुळे (कुठला भाग झाला, कुठला राहिला याची नोंद) थांबलं तिथून पुढे सुरू होतं, आणि त्या आठवड्यात लाईट किती वेळा गेली ते या भागातल्या सगळ्यांना माहीत आहे.

पुढचं चारचौघांत लिहायचं नव्हतं. डिस्क आमच्याकडे येण्याआधी तिच्यावर चेकडिस्क, विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, चालवलेलं होतं. ड्राइव्हवर त्याने तयार केलेला 'फाउंड.०००' हा लपलेला फोल्डर सापडला, त्याची तारीख आमच्या पावतीच्या आदल्या दिवशीची. फोटोंची नावं जाऊन नुसत्या 'सीएचके' फायली झाल्या त्या तिथे, आमच्या टेबलावर नाही. शिवाय चेकडिस्क 'स्लॅश आर' लावून चालवलं की अख्खी डिस्क पिंजून काढतं. थकलेल्या डिस्कला तेच सोसत नाही. तुम्हाला विचारलं तेव्हा "काहीच केलं नाही" म्हणालात. खरं सांगितलं असतंत तरी आम्ही काही बोललो नसतो. सीपीयूला थापट्या मारून सुरू करणारे तर आठवड्याला येतात.

आणि एक. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे तुम्हाला मीच सांगितलं. नवीन मशीन गळ्यात मारायचं असतं तर तोच मुद्दा धरून बसलो असतो. तुम्ही "जुनाच चालू द्या" म्हणालात, म्हणून जुनाच चालू करून दिला. आता तो किती लवकर सुरू होतो, याबद्दल रिव्ह्यूत एक शब्द नाही.

फोनवर दुकानातल्या मुलाने दरवेळी "चालू आहे" एवढंच सांगितलं, ही तक्रार बरोबर आहे. त्याला सांगितलंय. यापुढे पावतीवर अंदाजे मुदत लिहायची असंही ठरवतोय, जमेल तसं.

तुमची जुनी डिस्क पुड्यात बांधून दुकानात ठेवली आहे. ती घेऊन जा, तशीच भंगारात देऊ नका, त्यात अजून कुणालाही वाचता येण्यासारखं बरंच आहे. आलात की मॅपफाइलही दाखवतो, डिस्कचा कुठला भाग वाचला गेला आणि कुठला अडला ते त्यात दिसेल. सोमवारी दुकान बंद असतं. ते बघून वाटलं तर स्टार बदला, लहान दुकान आहे, नवीन गिऱ्हाईक आधी तेच बघतं.