फासे मात्र आपलेच

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सारखे, पात्र होऊन फाशांवर गोष्ट खेळायचे खेळ एकट्याने एआयबरोबर खेळण्यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: ज्याला खेळायला चार माणसं जमत नसतील त्याने एआयला जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा) केलं तर बिघडलं कुठे? तुमचं मांत्रिकाचं पात्र सहा महिने असंच खेळतंय. आणि विसरायचंच म्हटलं तर माणूस जीएमही विसरतो.

पहिलं मान्य. ‘एकट्याने खेळणं हे खेळणंच नव्हे’ असं मी लिहून गेलो, ते उगाच ताणलं होतं. रात्रपाळी करणाऱ्याने शनिवारची संध्याकाळ कुठून आणायची? विसरण्याचंही सोडा. २०१९ मध्ये ‘एआय डंजन’ हा एआयने गोष्ट रचायचा खेळ आला तेव्हा त्यामागच्या जीपीटी-२ या भाषा मॉडेलला एका वेळी १०२४ टोकनच (शब्दांचे तुकडे) दिसत. दोन-तीन पानांत सरायवाल्याचं नाव गुल. आता तसं राहिलेलं नाही.

माझं भांडण फाशांवरून आहे. मॉडेलला खरा आकडा काढून देणारा प्रोग्राम जोडलेला नसेल, तर ‘डी-ट्वेंटी टाक’ (वीस बाजूंचा फासा) म्हटल्यावर ते फासा टाकत नाही, तिथे शोभेल असा आकडा लिहितं. म्हणून मी घरचा फासा घेऊन बसलो. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत पात्राचे हिट पॉइंट (जीव किती उरलाय तो आकडा) शून्यावर आले की दर पाळीला एक फेक. दहाच्या खाली पडलं की नापास, म्हणजे ४५ टक्के. तीन नापास झाले की पात्र मेलं. त्या फेकींच्या वेळी टेबलावर सगळे गप्प होतात ना, त्यासाठीच तर मी खेळतो.

माझा चोर तिसऱ्यांदा नापास झाला, चार पडला. एआयला तसं टाइप केलं, तर अंधारातून एक म्हातारी वैद्यीण औषध घेऊन हजर! म्हटलं, नाही, तो मेला. ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणून एआयने लगेच चोराची हृदयद्रावक चिता रचली. मग खोडी म्हणून लिहिलं, नाही, जिवंत आहे. चोर चितेवरून उठून बसला.

आमचा जीएमही पडद्याआड आकडे फिरवत असणार, नाही कोण म्हणतो? पण त्याच्याशी तासभर हुज्जत घातली तरी तो बधत नाही.

त्यामुळे एकट्याने खेळताना हिट पॉइंट वहीत लिहा, ‘दार उघडं आहे का’ हेसुद्धा फाशालाच विचारा, आणि एआयकडून फक्त वर्णन घ्या. मी आता तसंच खेळतो, आणि बराच लवकर मरतो.

तुमच्या मांत्रिकावर सहा महिन्यांत मरायची पाळी आली होती का? आली असेल तर तेव्हा फासा कोणी टाकला, ते कळवा.