घरचा डीप फ्रीझर म्हणजे जनुकपेढी नव्हे

भिलारच्या माझ्या आतेभावाने परवा मला एक संदेश पाठवला. त्यात म्हटले आहे की अमेरिकेत स्ट्रॉबेरीची रोपे गोठवून वर्षानुवर्षे जपतात, तेव्हा आपणही हंगामाच्या शेवटी रनर (स्ट्रॉबेरीच्या धावत्या फांद्यांवर फुटणारी नवी रोपे) डीप फ्रीझरमध्ये ठेवून मदर प्लांटचा, म्हणजे ज्यांपासून लागवडीची रोपे तयार करतात त्या मातृरोपांचा, खर्च वाचवावा. त्यात असेही दावे आहेत की परदेशी रोपांत थंडी सोसण्यासाठी माशाचे जनुक घातलेले असते आणि गोठवलेले रोप कायमचे रोगमुक्त होते. भावाने रनर खुडायला सुरुवातही केली आहे, म्हणून हे उत्तर घाईने लिहावे लागत आहे.

रोपे गोठवून जपतात हे खरे आहे, पण जपतात ते अख्खे रोप नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली कापून काढलेला, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा शेंडा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. घरच्या फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते, आणि तिथे पेशींतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होऊन पेशीपटले फाटतात. फ्रीझरमधली स्ट्रॉबेरी बाहेर काढल्यावर लिबलिबीत होऊन रस सोडते, तेच रनरच्या गड्ड्याचे होते. हे टाळण्यासाठी प्रयोगशाळेत आधी रोपांना कित्येक दिवस थंडीची सवय लावतात, मग शेंडे साखरेच्या आणि ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकॉल व डायमिथाइल सल्फॉक्साइड यांच्या दाट द्रावणात ठेवून त्यांतले पाणी ओढून घेतात, जेणेकरून झपाट्याने गोठताना उरलेले पाणी स्फटिक न होता काचेसारखे घट्ट होते. हे द्रावण जास्त वेळ राहिले तर स्वतःच पेशी मारते, म्हणून मिनिटे मोजून काम करावे लागते.

एवढी काळजी घेतल्यावर काय साधते, याचा पुरावा भक्कम आहे. कॅनडात संशोधक कर्था यांच्या प्रयोगशाळेत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीच्या शेंड्यांपासून तब्बल २८ वर्षांनी पुन्हा रोपे वाढवली गेली, आणि कॅस्वेल व कर्था यांनी ते २००९ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिसची जनुकपेढी, म्हणजे पिकांचे वाण जपून ठेवणारी संस्था, केवळ गोठवणीवर विसंबत नाही. ती कुंड्यांत जिवंत रोपेही सांभाळते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. थंड प्रदेशातल्या नर्सऱ्या रोपे उणे एक-दोन अंशांवर काही महिने ठेवतात. मात्र ती हिवाळ्यात सुप्तावस्थेत गेल्यावर उपटलेली असतात, आपल्याकडच्या वाढीला लागलेल्या रनरसारखी नसतात, आणि तिथेही हिशेब महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे.

माशाच्या जनुकाचा प्रयोग झाला तो टोमॅटोवर, १९९१ च्या सुमारास, आणि तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. रोगमुक्तीचे म्हणावे तर गोठवणीतून वाचलेल्या काही शेंड्यांतून विषाणू निघून जातात, पण चाचणी केल्याशिवाय तसे गृहीत धरता येत नाही.

खुडलेले रनर अजून हिरवे असतील तर ते आजच मातीच्या पिशव्यांत लावून सावलीत ठेवावेत.