तगणे वेगळे, पिकणे वेगळे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ऊर्जेसाठी लावल्या जाणाऱ्या बहुवर्षायू गवतांवरच्या माझ्या लेखाला आपण घेतलेला आक्षेप असा आहे : मिस्कँथस हे उसाच्या कुळातले उंच गवत हंगामभरात मक्याहून जास्त पाणी पिते असे मी एकीकडे लिहिले आणि दुसरीकडे त्याला ‘दुष्काळात तगणारे पीक’ म्हटले, हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल, आणि आपल्याकडे उसाचा खोडवाही बहुवर्षायूच असताना तो पाण्यावाचून का जळतो?

पहिल्या प्रश्नातली विसंगती वरवरची आहे. मिस्कँथस जास्त पाणी वापरतो, कारण मका रोपावस्थेत असतो तेव्हाच त्याची पाने पसरलेली असतात आणि मका वाळल्यावरही ती हिरवी राहतात. एवढे पाणी तो मिळवतो ते दोन मीटरच्याही खाली जाणाऱ्या मुळांच्या बळावर. खालच्या थरात ओल असेल तोवर हे जमते. उथळ, मुरमाड जमिनीत हाच गुण अंगाशी येतो, हे मी लिहायला हवे होते.

मक्याशी तुलना करताना मला महत्त्वाचा वाटणारा फरक मात्र मुळांचा नाही. मक्याला तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडतात त्या मोजक्या दिवसांत पाणी मिळाले नाही, तर दाणाच भरत नाही. अमेरिकेत 2011 साली मक्याचा सरासरी उतारा एकरी 147 बुशेल (धान्य मोजण्याचे तिथले माप) होता, तो 2012 च्या दुष्काळात 123 वर आला. गवताचे दाण्यावाचून काही अडत नाही. त्याची वाढ खुंटते, पाने पुंगळीसारखी वळतात, वजन घटते, पण सारा हंगाम दोन आठवड्यांवर टांगलेला नसतो.

‘तगणे’ या शब्दाबद्दलचा आपला आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. कुंड्यांतल्या एका प्रयोगात (तो 2000 साली प्रसिद्ध झाला) पाणी तोडल्यावर मिस्कँथसच्या सायनेन्सिस या जातीने पर्णरंध्रे आवरून पाने हिरवी राखली, तर सॅकॅरिफ्लोरस या दुसऱ्या जातीची पाने वाळत गेली. हिरवे राहिलेले झाड पाहून आपण सुखावतो. पण रंध्रे मिटली की कर्बवायूही आत येत नाही, म्हणजे ते झाड जगते, वाढत नाही.

वजनाच्याही पुढची एक अडचण माझ्या लेखातून सुटली होती. त्याच 2012 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात कापलेल्या स्विचग्रासवर (ऊर्जेसाठीचे आणखी एक बहुवर्षायू गवत) अमोनियाची प्रक्रिया करून निघालेल्या साखरपाण्यात, साखर आंबवून इंधनाचा मद्यार्क बनवणारे यीस्ट घातले, तर ते वाढलेच नाही. 2010 च्या, बऱ्या पावसाच्या वर्षातल्या गवतावर ते वाढले होते. दुष्काळी वर्षातल्या मक्याच्या ताटांवरही वाढले. ताणाखाली गवताने अंगात विद्राव्य शर्करा साठवल्या होत्या आणि अमोनियाशी संयोग होऊन त्यांतून पायराझिन व इमिडॅझोल वर्गातली, यीस्टला मारक संयुगे तयार झाली होती. म्हणजे झाडाने स्वतःच्या बचावासाठी केलेली सोयच कारखान्याच्या मुळावर आली. शेतात उभे असलेले गवत पाहून हे कुणालाही कळले नसते.

आता खोडव्याविषयी. ऊस मिस्कँथसचा जवळचा नातलग आहे, हे आपण बरोबर ओळखलेत. पण उसाची पोसवण आपण सरीतल्या पाण्यावर करतो, त्यामुळे त्याच्या मुळांचा मोठा भाग वरच्या थरातच राहतो. शिवाय ऊस हिरवा, साखरेने भरलेला असतानाच तोडला जातो. मिस्कँथस थंडीत वाळल्यावर कापतात आणि तोवर त्याने नत्रासारखी अन्नद्रव्ये जमिनीखालच्या कंदांत उतरवलेली असतात, त्यावरच पुढच्या वर्षीचे कोंब उठतात. पहिल्या वर्षी ही पुंजी जमलेली नसते. म्हणूनच लावणीच्या साली पडलेला दुष्काळ या गवतालाही सोसत नाही.

मूळ लेखातले ‘दुष्काळातही तगणारे पीक’ हे शब्द मी आज काढले आहेत. त्या जागी आता असे आहे : ‘खोल जमिनीत एकदा रुजल्यावर दुष्काळात सहसा मरत नाही, मात्र उत्पन्न घटते आणि मालाची प्रतही बदलू शकते.’