लिलावात पैसा आला म्हणजे नेटवर्क आलं, असं नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, मग ठाण्यातल्या आणखी तीन ग्रुपांवर तोच दिसला. मजकूर थोडक्यात असा: हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या. म्हणून सगळ्या लिलावातच द्या. वायफायला फुकट देणं म्हणजे टूजीसारखी लूट. लिलावात पैसा जितका जास्त, तितकं नेटवर्क चांगलं आणि स्पर्धाही जास्त.

मी सोसायट्यांमध्ये वायफाय बसवायचं काम करतो, त्यामुळे गप्प बसवेना.

मालकीचं खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच तसं म्हटलं. (वर्तमानपत्रं त्यांना अजून ‘ध्वनिलहरी’ लिहितात. या रेडिओलहरी, ध्वनीशी संबंध नाही.)

पण टूजीची तुलना चुकली. २००८ मध्ये मोजक्या कंपन्यांना एकट्याच्या वापराचा हक्क २००१ च्या दरानं मिळाला, म्हणून २०१२ मध्ये न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले. वायफायचा पट्टा, म्हणजे लहरींचा ठरावीक भाग, कोणा एकाला दिलेलाच नाही. सिग्नलच्या ताकदीची मर्यादा पाळून कुणीही वापरावा. शिवाय त्याच वर्षी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर न्यायालयानं सांगितलं की नैसर्गिक संपत्ती वाटायचा लिलाव हा एकमेव मार्ग नाही. फॉरवर्डमध्ये हे नाही.

‘फुकट’ पट्ट्यातून काय मिळतं ते अटल सेतूवर बघा. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते, टोलवरच्या यंत्राच्या लहरींवरच तो जागा होतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तेव्हा फास्टॅग कुणाच्या डोक्यातही नव्हता.

आता या फुकट पट्ट्यांतल्या गर्दीचं बघू. वर्तकनगरच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहून फोनवर आसपासची वायफाय दाखवणारं अ‍ॅप उघडलं, तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकेचाळीस नावं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल (पट्ट्यातले कप्पे) तीनच: १, ६ आणि ११. सहावर तर शेजाऱ्यांचे राउटर एकावर एक रचल्यासारखे. त्यात तिथल्या काकूंनी मायक्रोवेव्ह लावला की मुलाचा ऑनलाइन क्लास अडकतो, कारण मायक्रोवेव्हच्या लहरीही याच पट्ट्यात अडथळा आणतात. काकू माझ्यावर चिडल्या, राउटर बदला म्हणाल्या. बदलून काय होणार? जागाच कमी आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये २०१८ साली ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले तेव्हा जरा श्वास घेता आला. ६ गिगाहर्ट्झमधले १२०० मेगाहर्ट्झ अमेरिकेनं २०२० मध्येच खुले केले. आपल्याकडे त्यातले खालचे ५०० मेगाहर्ट्झ खुले करायच्या नियमांचा मसुदा यायला मे २०२५ उजाडला. वाट बघण्यात गेलेली वर्षं कोणाच्या हिशेबात धरायची?

आता जास्त पैसा, चांगलं नेटवर्क. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतींतून आत शिरतात. उंच इमारतींतल्या मधल्या खोल्यांना नेमकं तेच हवं. २०१६ च्या लिलावात त्याची राखीव किंमत (जिच्याखाली बोली लावता येत नाही) देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली. बोली लावणारा एकही नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवली, तरी नाही. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर आली तेव्हा जिओनं १० मेगाहर्ट्झ घेतले. सहा वर्षं ना पैसा, ना नेटवर्क. जमीन निदान पडून राहिली तरी उरते, आज न वापरलेली लहर उद्या दुप्पट होऊन मिळत नाही.

आणि स्पर्धा? ठाणे, नवी मुंबई टेलिकॉमच्या हिशेबात मुंबई सर्कलमध्ये, म्हणजे परवान्याच्या मुंबई विभागात, येतात. इथे आता खासगी कंपन्या तीन, त्यातल्या व्होडाफोन आयडियात थकबाकीच्या बदल्यात २०२५ मध्ये सरकारचाच वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. याला फक्त महाग स्पेक्ट्रम, म्हणजे याच लहरी, कारण नाही. दरयुद्ध आणि सरकारला द्यायच्या महसुली वाट्याची जुनी थकबाकीही आहे. पण बोली वाढली की स्पर्धक वाढतात, याचा पुरावा तरी इथे दिसत नाही.

६ गिगाहर्ट्झचा वरचा भाग मोबाइल कंपन्यांना हवाय. त्याचा लिलाव खुशाल करा, माझी हरकत नाही. फक्त राखीव किंमत ठरवताना २०१६ ची फाइल समोर ठेवा.