सह्या नोबेलच्या नावावर मिळत नव्हत्या

छत्तीसगडमध्ये आदिवासींवर उपचार करणारे डॉ. बिनायक सेन यांना माओवाद्यांना मदत केल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती. त्यांच्या सुटकेची मागणी करणाऱ्या नोबेल विजेत्यांच्या पत्रामुळे त्यांना जामीन मिळाला, हे त्यांच्यावरच्या लेखातलं विधान मला पटलं नाही. ते पत्र मे 2008 मधलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला मे 2009 मध्ये. मधलं अख्खं वर्ष ते रायपूरच्या तुरुंगातच होते, आणि त्यात हृदयविकाराचा त्रासही झाला. त्यांना उपचार हवे होते वेल्लोरला, जिथे ते स्वतः डॉक्टरकी शिकले.

तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी मीही सह्या गोळा करत होते. नोबेलचं नाव ऐकून लोक नुसती मान हलवायचे. पण आदिवासींना औषध देणाऱ्या माणसाला स्वतःच्या हृदयावर हवा तिथे इलाज करता येत नाही, एवढं सांगितलं की पेन मागायचे. एका आजींनी अंगठा उमटवला होता. मोहीम अशा माणसांनी तगवली, त्यांच्यासाठी लेखात एक ओळ तरी हवी होती.